सावाऱ्यातली शेवटची होडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, विभाताई. गेल्या डिसेंबरात मी सावाऱ्याला गेले ती फक्त एक छत्री आणायला. इथे जपानमध्ये, आमच्या इचिकावाहून ट्रेनने दोनेक तास. कालव्याकाठच्या त्या जुन्या गावात एका सोया सॉसच्या दुकानाचं सॉफ्टवेअर माझ्या नवऱ्याने, माधवने बसवलं होतं. छत्री तिथेच विसरला होता. "एकदा होडीत बसू गं तिथे," म्हणायचा. मी दर वेळी म्हणायचे, "पुढच्या रविवारी."

त्याआधीच्या मार्चमध्ये तो गेला.

छत्री घेऊन बाहेर पडले तेव्हा साडेचार वाजत आले होते. हिवाळ्यातला लवकरचा अंधार पडत होता. घाटावर शेवटची होडी सुटत होती. पाय आपसूक पायऱ्या उतरले. म्हाताऱ्या नावाडणीने माझ्या पायांवर रजई घातली आणि होडी लोटली.

कालव्याला शेवाळाचा, कुजलेल्या पानांचा वास होता. वल्ह्याचा तेवढा आवाज. आणि मग माझ्या डावीकडे होडी हलकेच कलली, कुणी शेजारी येऊन बसावं तशी. रजईखाली माझ्या गार पावलांना दोन गरम पावलं येऊन टेकली.

ती पावलं मी ओळखत होते.

वळून पाहिलं नाही. पाहिलं तर जाईल, या भीतीने. हळूच म्हटलं, "माधव... मला नाही परत जायचं. असंच राहू या..."

पुढे पुलावरून पाणी कोसळत होतं. त्या आवाजावरून तिथले लोक त्याला 'जा-जा पूल' म्हणतात. त्यांना तो नुसता आवाज. मला त्यात माधवचा आवाज ऐकू आला.

"जा... जा गं..."

पावलं निघून गेली. मी रडत होते. नावाडणीने होडी घाटाला लावली.

स्टेशनवर फोन वाजला. तन्वी, माझी अकरा वर्षांची मुलगी. घरी एकटीच होती.

"ममा, खाली कुणीतरी बेल वाजवतंय. इंटरकॉमच्या स्क्रीनवर कुणीच नाहीये. पण मराठीत विचारतायत, 'आई पोचली का?' डोअर उघडू?"

नको म्हणायला हवं होतं. कुठल्याही आईने म्हटलं असतं.

"उघड," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा दार लॉकच होतं. किल्लीने उघडलं. तन्वी गाढ झोपली होती. तिच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या, माधव घालायचा तशा.

तिला स्वतःची वेणी अजून घालता येत नाही.