सतीशच्या लिफाफ्यातला मेंदू

राधाकिशन वस्तादांच्या डोक्यात तालमीतला लाकडी मुदगल कोणी घातला, हे परळीच्या फौजदारांनी अर्ध्या तासात शोधून काढलं. मेंदूचा फोटो बघून.

भागवतराव स्वतः तीस वर्षं हवालदारकी करून घरी बसलेले. त्यांनाही हे जरा जास्तच झटपट वाटलं. पण ते बोलले नाहीत. उज्ज्वलाबाईंबरोबर चौकशीची कामं करायला लागल्यापासून आधी बोलण्याचा त्यांना धसकाच बसला होता.

"माझ्या लेकराच्या टाळक्याचा फोटो काढला अन् त्यालाच धरलं!" सतीशची आई चतुराबाई ठाण्याच्या पायरीवर बसून ओरडत होती. "चारला कोर्टात उभं करायलेत. पोलीसभरतीत नाव लागलंय वो त्याचं! ते गेलं म्हंजी समदं गेलं."

आत सतीश बाकावर बसला होता. तालमीतला तगडा पैलवान. काल सोमवारी संध्याकाळी सात वाजता वस्ताद त्यालाच रक्ताच्या थारोळ्यात सापडले होते. त्यानेच त्यांना खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं. ते अजून बेशुद्धच होते.

"भांडण झालतं ना बे तुझं वस्तादाशी?" फौजदार खेकसले.

"आठ दिसांखाली. डाव चुकला म्हणून शिव्या दिल्या त्यांनी. रोजच देतेत."

फौजदारांनी त्याचा कान पिरगाळायला हात घातला. पण धरायला पाळीच नव्हती. कुस्तीत चेपून चेपून दोन्ही कान भज्यासारखे फुगलेले. फौजदारांनी चिडून मानेवरच एक लगावली.

"हात आवरा," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "फोटो दाखवा."

बावीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत होत्या. फोटो म्हटलं की पोथी उघडल्यासारखं तोंड करायच्या.

झालं होतं असं. मारामारीचे खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचा एक डॉक्टर अभ्यास करत होते. या तालमीतून दोघांचे फोटो काढले होते: सतीशचे आणि मागच्या रिंगणात बॉक्सिंग खेळणाऱ्या विजयसिंहाचे. अभ्यासाचा नियम म्हणून फोटोंवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. सोमवारी पाचच्या एसटीने वस्ताद दोन लिफाफे घेऊन उतरले. लिफाफ्यांवरची नावं त्यांच्याच अक्षरातली. कोणता क्रमांक कोणाचा ही त्यांच्याकडची यादी मात्र गायब होती, आणि डॉक्टर कोर्टाच्या कागदाशिवाय नाव सांगायला तयार नव्हते.

सतीशच्या लिफाफ्यातल्या अहवालात होतं: डोक्याला वारंवार मार बसल्याच्या खुणा, कपाळामागचा भाग बारीक झालेला, रागावरचा ताबा सुटू शकतो, खेळ ताबडतोब थांबवावा.

"अजून काय पायजे?" फौजदार म्हणाले.

उज्ज्वलाबाईंनी फोटो खिडकीला लावला. भागवतरावांना अक्रोड कापून मांडल्यासारखे दिसले. एका ओळीत कवटीच्या दोन्ही बाजूंना पातळ, सरळ पाकळ्या होत्या, चहाच्या कपाला दांडी असते तशा. बाईंनी विजयसिंहाचा फोटोही तितकाच वेळ पाहिला.

"चला भागवतराव. तीन तास हातात आहेत."

विजयसिंहाच्या बंगल्यावर पेढ्यांचा डबा उघडाच होता. भागवतरावांनी दोन खाल्ले. विजयसिंह सावलीतही काळा चष्मा लावून बसला होता. त्याने कानांतले इअरफोन काढून टेबलावर आदळले.

"कावून आलाव?"

"वस्तादांबद्दल विचारायला."

"मी घरीच होतो. माझा फोटो साफ हाय. म्हणून बॉक्सिंगच्या शिबिराला निवड झाली. दोन्ही तानाजीसरांनी काल सहालाच फोन करून सांगितलं, तवापासून पेढे वाटायलेत." तो थांबला, कपाळ दाबलं. "तुमी कावून आलाव?"

"आत्ताच सांगितलं की," भागवतराव म्हणाले.

खुर्ची लाथेने उडाली. "अक्कल शिकवता का बे? निघा!"

पायऱ्या उतरताना भागवतराव धापा टाकत म्हणाले, "बाई, राग तर ह्याला बी लई हाय."

"राग पेढ्यांएवढ्या कामाचा नाही," बाई म्हणाल्या.

तानाजी तालमीत माती सारखी करत होता. वस्तादांचा हाताखालचा माणूस, विजयसिंहाचा गुरू. त्याचेही कान जुन्या पैलवानाचे, मोडलेले. आवाज मात्र लोण्यासारखा.

"मी चारलाच धारूरला गेलतो, ताई. दहाला आलो तवा कळलं. ते लिफाफे तर आज ठाण्यात पहिल्यांदा बघितले. सतीश वाईट न्हाई वो. पण डोकंच तसं निघालं, तर काय करणार?"

"शिबिराला कोण कोण जाणार?"

"विजू खेळणार. अन् मी प्रशिक्षक म्हणून."

साडेतीनला बाईंनी सगळ्यांना ठाण्यात गोळा केलं. विजयसिंह यायला तयार नव्हता. आला तो सतीशकडे बघून थुंकला.

"फौजदारसाहेब, मघाशी तुम्ही सतीशचा कान धरायला गेलात. सापडला?"

"कान कुठंय त्याला!"

"मग या फोटोत कुठून आले?" बाईंनी त्या सरळ पाकळ्यांवर बोट ठेवलं. "मेंदूच्या फोटोत कानही येतात. बॉक्सरचे कान सरळ राहू शकतात, पण सतीशचे मोडलेत. विजयसिंहाच्या लिफाफ्यातल्या फोटोत बघा. दोन्ही बाजूंना गोळे. फोटो आणि अहवाल दोन्ही बदललेत."

फौजदारांनी दोन्ही फोटो शेजारी धरून बघितले. मग चतुराबाई उसळली. "मंग ह्यानंच मारलं! ह्याचंच डोकं सडलंय!"

फौजदारांनी बेडीला हात घातला.

"थांबा!" बाईंचा आवाज चढला. "मघाची चूक आता दुसऱ्याच्या नावावर करू नका. मेंदूत खाल्लेला मार दिसतो. कोणाला मारलं ते दिसत नाही. आणि हे रागाचं काम तरी आहे का? रागात मारणारा पळतो. इथं वस्ताद रक्तात पडलेले असताना कोणीतरी शांतपणे लिफाफे उघडले, फोटो बदलले, यादी खिशात घातली."

त्या वळल्या. "तानाजी, पाचला आलेले लिफाफे तू आज पहिल्यांदा बघितलेस म्हणतोस. मग काल सहाला फोटो साफ आहे असं फोनवर कसं सांगितलंस?"

भागवतरावांना पेढे आठवले, आणि स्वतःची लाज वाटली.

"तुलाच कान दिसले नाहीत," बाई म्हणाल्या. "तालमीत सगळ्यांचेच मोडके. तू कशाला बघशील? आता तुझा फोन काल सहाला धारूरला होता की परळीत, ते साहेब काढतील."

तानाजीचा आवाज तरीही चढला नाही. "आठ वर्षं घडवलं पोरगं. वस्ताद म्हणले, ह्याला आता रिंगणात उतरवायचं न्हाई. आत्ताच फोन लावतो म्हणले शिबिराला."

विजयसिंहाने चष्मा काढला. "सर, तुमाला माहीत होतं? तरी मला उतरवणार होतात?"

"एकच मोसम, बाळा."

विजयसिंहाची मूठ वर गेली. फौजदारही मागे सरकले. मूठ हवेतच राहिली, आणि खाली आली.

तानाजीला आत नेलं. फौजदारांनी सतीशकडे न बघताच "जा बे घरी" म्हटलं, आणि विजयसिंहापुढे कागद सरकवला. 'हा फोटो माझा आहे' असं लिहून सही करायची होती.

तो लिहायला लागला. अक्षर वाकडं जात होतं, वरून पंख्याने कागद फडफडत होता.

दाराशी चतुराबाई ओरडली, "चल की रं!"

सतीश गेला नाही. त्याने कागदाचा कोपरा बोटाने दाबून धरला, सही होईपर्यंत.