गाठ मारलेल्या दोन दोऱ्या

“काका, छिन्नी नको!”

गॅरेजच्या दारात तॅम्सिन धापा टाकत उभी होती. डेन्झिलकाकांनी उगारलेला हातोडा तसाच ठेवला. “मग काय गोड बोलून उठवू हिला?”

बाबा जाऊन हिवाळा उलटला होता. त्यांनी अर्धवट खोललेली जुनी मोटार खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी होती. सगळे नट काढले, तरी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, तसूभर हलत नव्हतं. आईनं अखेर सांगून टाकलं होतं, आज निघालं तर ठीक, नाहीतर संध्याकाळी भंगारवाल्याचा ट्रक येईल.

“बिडाचं आहे ते. तडा जाईल,” तॅम्सिन म्हणाली.

“आली मोठी मिस्त्रीण,” शेजारचे हॉकिंगआजोबा हसले. “डेन्झिल, हा हातोडा म्हणजे खेळणं. माझा घण आणू. आधी बेकरीतली गरम पेस्टी खाऊ, मग घाव घालू.”

दोघं बंदराच्या उतारावरून निघून गेले.

तॅम्सिनला एका जागी उभं राहवेना. हॉकिंगआजोबांची नात केरेन्सा दारातून रस्त्यावर नजर ठेवून होती. तॅम्सिनचा धाकटा भाऊ जोरी हत्यारांचा ट्रे उपसत होता.

“ही दोरी काकांनी फाटकाला बांधली होती. मी सोडून आणली,” तो म्हणाला. “आणि हिची जोडीदारीण ट्रेमध्ये सापडली. दोघी सारख्याच लांब, दोघींच्या एका टोकाला गाठ. काजळी बघ, गाठीपर्यंत आहे. गाठीला मात्र नाही.”

बोटाएवढी जाड, मऊ सुती दोरी. काजळी लागली कुठे? तॅम्सिनची नजर हेडवरच्या स्पार्क प्लगच्या भोकांकडे गेली. तिनं दोरीचं मोकळं टोक एका भोकात सारलं. दोरी सरसर आत गेली. गाठ बाहेर अडकली.

“बाबांनी हे आधी केलंय,” ती हळूच म्हणाली. “आत दोरी भरायची. पिस्टन वर आला की दोरीला रेटणार आणि दोरी हेडला.”

“आणि झडपा वाकल्या तर?” केरेन्सानं विचारलं.

“झडपा उघडणाऱ्या वरच्या दांड्या काकांनी काढल्यात. झडपा मिटलेल्याच आहेत.”

“पण भोकं चार,” जोरी म्हणाला. “मग दोऱ्या दोनच का?”

जोरी धावत जाऊन आईच्या विणायच्या सुया घेऊन आला आणि त्यानं प्रत्येक भोकात एक उभी केली. तॅम्सिननं पुढून इंजिन फिरवायचं हँडल फिरवलं, तशी मोटारच तिच्या अंगावर आली.

“अगं, गिअरमध्ये आहे ती!” केरेन्सानं आत उडी मारून दांडा न्यूट्रलला ओढला.

पुन्हा हँडल. पहिली आणि चौथी सुई वर आली, मधल्या दोन खाली गेल्या.

“कडेचे दोघं बरोबरच वर येतात,” जोरी म्हणाला. “म्हणजे दोन्ही टोकं एकदम उचलायची. एकीकडूनच रेटलं तर वाकडं होऊन अडकेल.”

कडेचे पिस्टन खाली आणून त्यांनी दोन्ही दोऱ्या भरल्या. हँडल घट्ट झालं.

“आले,” केरेन्सा कुजबुजली. “घण आजोबांच्या खांद्यावर आहे.”

“ये इकडे,” तॅम्सिन म्हणाली. “हिसका नाही, नुसता भार द्यायचा.”

तिघं हँडलवर ओणवले. काहीच हललं नाही. तॅम्सिनचे तळवे सोलवटले. बाहेर बुटांचा आवाज जवळ येत होता. आणि मग कडक बिस्किट मोडावं तसा आवाज झाला. हेडच्या कडेनं गंजाची भुकटी झरली.

“पुन्हा,” तॅम्सिन म्हणाली. “आता मधल्या दोघांत भर.”

काका आत आले तेव्हा फटीतून उजेड दिसत होता. त्यांनी हातोडा बाकावर ठेवला आणि हॉकिंगआजोबांना नुसती मान हलवून बोलावलं. दोघांनी हातांनीच हेड उचललं.

ठोकाठोक ऐकू येईना, म्हणून आई पाहायला आली. तिनं दोरी हातात घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला.

“डावखुऱ्याची गाठ. तुमच्या बाबांचीच,” ती म्हणाली.

“आणि मी हिनं फाटक बांधलं होतं,” काका पुटपुटले.

“मी घण उगाच चढावर वाहून आणला,” हॉकिंगआजोबा म्हणाले. “शाबास रे पोरांनो.”

“ट्रकवाल्याला मी नको म्हणून कळवते.” आई घराकडे निघाली. दारात ती थांबली.

“दोऱ्या ट्रेमध्ये परत ठेवा. आणि गाठी सोडू नका.”