पूर्ण नावाने हाक

आयुष्यभर फायलींवर गंभीर टिपण्या लिहून माणसाचं काय होतं ते पाहायचं असेल, तर दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या हरिदासराव टिपणिसांकडे पाहावं. सव्वीस वर्षं या गृहस्थांनी केंद्र सरकारच्या एका खात्यात 'विचारार्थ सादर' असं इमानेइतबारे लिहिलं, आणि पन्नाशी उलटल्यावर लहान मुलांसाठी एक चहाटळ पुस्तक लिहून मोकळे झाले.

त्याचं असं झालं की, मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात मुलांना शिकवायला एक पाठ्यपुस्तक होतं. ते इतकं रडकं होतं की मुलं वर्गाला येईनाशी झाली. मंडळाने हरिदासरावांना सांगितलं, त्याला जोड म्हणून एक छोटं सोबतीचं पुस्तक लिहा, थोडे प्रश्न, थोडी कोडी. हरिदासरावांनी 'पाठीराखा' लिहिलं. त्यात कोड्यांची उत्तरं शेवटी दिली होती, पण भलत्याच कोड्यांची. बारावं पान आरशात धरून वाचावं लागे, चाळिसाव्या पानावर 'हे पान वाचू नका' एवढंच होतं. आणि शेवटी विनंती होती की पुस्तक कसं वाटलं ते पोस्टकार्डावर कळवा, शहाण्यासारखी पत्रं केराच्या टोपलीत जातील.

पोस्टकार्डांचा नुसता पाऊस पडला. हरिदासरावांच्या पत्नी वैजयंतीबाई ती फायलीच्या टॅगमध्ये ओवून ठेवत. लक्ष्मीबाई नगरच्या अक्षयाने लिहिलं होतं, 'नऊ नंबरचं कोडं मी सॉल्व्ह केलं, पण उत्तर पान चौसष्टवर नाही, कारण पान चौसष्टच नाही. बहुत मजा आली.' छावणीतल्या एका हवालदारांची तक्रार होती की मुलगा हल्ली प्रत्येक प्रश्नाचं उलटं उत्तर देतो, आणि दुर्दैवाने त्यातली काही बरोबर असतात. कलेक्टर व्हायला आलेल्या एका विद्यार्थ्याने कळवलं की यापेक्षा आमची परीक्षा सोपी. एका आजीबाईंनी तर, एकोणिसाव्या पानामुळे तीन रात्री झोप नाही, म्हाताऱ्या माणसाची थट्टा बरी नव्हे, उत्तर उलट टपाली कळवावे, असा दमच भरला होता.

पण सगळ्यांत जास्त पत्रं सत्ताविसाव्या पानाची. त्यावर लपंडाव होता. घरात कुठेही लपायचं आणि कुणी पूर्ण नावाने हाक मारीपर्यंत बाहेर यायचं नाही. आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव, तिन्ही. हरिदासरावांचं दुखणं असं होतं की दिल्लीत बापाचं नाव मधून गळून पडतं. शाळेत दोन नावं, रेशनकार्डावर दोन नावं, मुलं वडलांचं नाव विचारल्यावर 'पापा' म्हणतात. म्हणून ही युक्ती. अक्षयाच्या आईने 'अक्षू', 'अगं कार्टे' सगळं करून पाहिलं, आणि शेवटी वडलांनी सरकारी फॉर्म भरल्यासारखं संपूर्ण नाव घेतलं तेव्हा ती गादीच्या गुंडाळीतून बाहेर आली. हे वाचून हरिदासराव दोन दिवस खूश होते.

पंच्याण्णव सालचा जानेवारी होता. शनिवार, ऑफिसला सुट्टी. धुकं असं की समोरच्या ब्लॉकच्या नुसत्या खिडक्याच तरंगत होत्या. दहाच्या सुमारास टपाल आलं, आणि मटार सोलत बसलेल्या वैजयंतीबाईंना हरिदासरावांनी पेन्सिलीने लिहिलेलं एक कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं.

'डिअर टिपणीस काका, पान सत्तावीसचा खेळ मी रोज करतो. आज तिसरा दिवस आहे. आई ऑफिसला जाते तेव्हा लपतो. ती आल्यावर पण पूर्ण नावाने नाही बोलावत, मग भूक लागते आणि मी चीटिंग करून निकलतो. शनिवारपासून चीटिंग नाही. जागा एकदम मस्त आहे, वरून बंद होते, आत बिल्कुल अंधेरा. कोणी पूर्ण नावाने बोलावेपर्यंत निकलायचंच नाही ना? धैर्यशील.'

हरिदासराव हसले. वैजयंतीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली शेंग अर्धीच सोललेली राहिली.

"वरून बंद होते, म्हणजे काय असेल हो?"

हरिदासराव म्हणाले, असेल एखादं कपाट. कपाट वरून बंद होत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. शिक्का मंगळवारचा होता. पत्ता नोएडातल्या नव्या वसाहतीचा होता आणि फोन नंबर कुठेच नव्हता.

"तुम्ही उठा आणि जा," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता."

हरिदासराव उठून बूट घालू लागले. विनोद आपण लिहिला, नियम आपण घातला, आणि कुठलं तरी सरळ स्वभावाचं पोर तो अक्षरशः पाळत होतं. त्याला काही झालं तर त्याला कारण आपण, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की मफलर विसरूनच ते बाहेर पडले.

यमुनेवरच्या पुलावर बस मुंगीच्या पावलाने चालली होती. नदी दिसत नव्हती. पलीकडे तर सगळी अर्धवट दुनिया, मोहरीच्या शेतात उभे राहिलेले काँक्रीटचे सांगाडे, रस्ते आहेत पण त्यांना नावं नाहीत. दोन रिक्षावाल्यांना विचारत ती सोसायटी सापडली तेव्हा साडेबारा झाले होते. आठ इमारती, त्यातल्या दोनांतच काय ती वस्ती. फाटकाशी चौकीदार टीव्हीचे रिकामे खोके जाळून शेकत होता. त्याने सांगितलं, सी ब्लॉक, चौथी मंजिल, मॅडम ड्यूटीवर आहेत, स्कूलला छुट्टी, बच्चा आत आहे.

आणि इथे हरिदासरावांनी एक चूक केली. दार कुणी उघडलंच तर काय सांगायचं, याची त्यांना एकदम लाज वाटली. मी एक विनोदी लेखक, तुमचा मुलगा पेटीत आहे का? म्हणून मन घट्ट करायला ते चौकीदाराकडचा चहा प्यायले. दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं त्यांना पुढे जन्मभर पुरली.

लिफ्टच्या जागी फळ्या ठोकलेला काळा चौकोन होता. जिन्यात भरदुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. ओल्या सिमेंटचा वास, चुन्याचा वास, आणि दुसऱ्या मजल्यापासून त्यात तिसराच एक वास मिसळला. रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा. कुणीतरी भिजलेलं ब्लँकेट स्टोव्हवर सुकवत असावं. थंडीही वाढत गेली. तिसऱ्या मजल्यावरची दोन्ही घरं दारांशिवाय उघडी होती, आत धुकं शिरलं होतं. हरिदासराव कठड्याला धरून श्वास घ्यायला थांबले, आणि वरून हाक आली.

"धैर्यशील... मारुती... जगदाळे..."

पुरुषाचा आवाज होता. साताऱ्याकडचा, जड, दबका. हजेरी घेणारा माणूस घेतो तसा एकेक शब्द सुटा. थोडं थांबून पुन्हा तीच हाक, मग पुन्हा. मग काहीतरी धातूचं खट्ट वाजलं.

हरिदासरावांचा जीव भांड्यात पडला. कठड्यावर डोकं टेकून ते हसले सुद्धा. बाप घरी होता! आणि वेळेवर तिन्ही नावं घेऊन हाक मारीत होता! आता वर जायचं, ओळख करून द्यायची, कानाला हात लावून माफी मागायची, झालं. उरलेला मजला ते पोरासारखे चढले.

दार लोटलेलं होतं. पाटी इंग्रजीत होती, विनय पाटणकर. हे कोण पाटणकर, असं मनात येतं न येतं तोच त्यांना आतला मुलगा दिसला. आतल्या खोलीत बॉक्सचा एक मोठा दिवाण होता, गाद्यागोधड्या ठेवायचा. त्याचं जाड प्लायवुडचं झाकण वर उचललेलं, कडी लोंबत होती, आणि आठेक वर्षांचं ते पोर शेजारी जमिनीवर बसून माशासारखं तोंड उघडून श्वास घेत होतं. ओठ निळे, केस घामाने चिकटलेले. हरिदासरावांनी झाकण भिंतीला नीट टेकवून ठेवलं, मुलाला खिडकीपाशी नेलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. हळूहळू त्याच्या गालांवर रंग आला.

"आज कडी अपने आप लागली," तो म्हणाला. "मी खूप मारलं आतून. मग सांसच नाही आली." मग इकडेतिकडे पाहत त्याने विचारलं, "ते काका कुठे गेले?"

हरिदासरावांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, बाल्कनी पाहिली. कुणी नव्हतं. जिना एकच होता आणि त्या जिन्यात त्यांना कुणी भेटलं नव्हतं. शेजारी असतील, असं ते म्हणाले. समोरच्या दाराला अजून कडीकोयंडाही बसलेला नव्हता.

तेवढ्यात मुलाची आई आली. शनिवारी तिचं ऑफिस बारालाच सुटे. गिरिजा पाटणकर, तिशीची, हातात मेथीची जुडी. अनोळखी माणूस पाहून तिने आधी मुलाला पाठीशी घेतलं. हरिदासरावांनी एका दमात सगळं सांगितलं, पुस्तक, पान, कार्ड. तिने दिवाणाकडे पाहिलं आणि मुलाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग म्हणाली,

"तुम्ही आत कसे आलात? मी बाहेरून कुलूप लावून गेले होते."

दार उघडंच होतं, असं हरिदासराव म्हणाले. तिने मूठ उघडली. किल्ली तिच्याच हातात होती.

"तुमच्या मिस्टरांनी उघडलं असेल. ते वेळेवर आले म्हणून बरं झालं. मी जिन्यात त्यांचा आवाज ऐकला."

"मिस्टर टूरवर बंगलोरला आहेत." ती आता अगदी हळू बोलत होती. "काय ऐकलंत तुम्ही?"

"धैर्यशील मारुती जगदाळे, अशी हाक..."

"हां, वही," मुलगा मध्येच म्हणाला. "मी आतून बोललो पण, ये मेरा नाव नाही. मी धैर्यशील विनय पाटणकर. पण ते मलाच बोलावत होते."

गिरिजेने मुलाला तोंड धुऊन यायला सांगितलं. मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला तेव्हा ती बोलली. मारुती जगदाळे तिचा पहिला नवरा. फौजेत होता. सात वर्षांपूर्वी वर बर्फात त्यांच्या तंबूवर कडा कोसळला. अकरा दिवस खणलं. बाकीचे सापडले, मारुती सापडला नाही. पुढे तो मेला असं धरून चालावं असा कागद आला, आणि अपघाताला दोन वर्षं झाल्यावर तिने विनयशी लग्न केलं. धैर्यशील तेव्हा तीनचा होता, त्याला काहीच आठवत नाही. दहा वर्षांचा झाला की सांगायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. या घरात त्या नावाचा एक कागदही नव्हता. दिल्लीत ते नाव कुणाला ठाऊकच नव्हतं.

"पाच वर्षं मला वाटायचं, ते रागावले असतील," ती म्हणाली. "मी थांबले नाही म्हणून..."

आणि ती रडली. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. कुणीतरी छातीवरचं ओझं उचलून बाजूला ठेवावं तशी ती मोकळी झाली होती, मधूनच हसत होती, पदराने नाक पुसत होती. पोरगं वाचलं, आणि ज्याने वाचवलं त्याच्या मनात राग नव्हता, एवढंच तिला पुरेसं होतं. हरिदासरावांच्याही डोळ्यांना धार लागली. भीती वाटायला हवी होती हे त्यांना कळत होतं, पण वाटत नव्हती. घरी जाऊन उरलेल्या सगळ्या प्रतींतून ते पान फाडून टाकतो, असं ते म्हणाले. तिने मान हलवली.

"राहू द्या. त्या पानानेच आणलं त्यांना."

तिने चहा ठेवला. घरात आल्याचा वास पसरला, खिडकीबाहेर धुकं थोडं विरळ झालं, खालून चौकीदाराच्या खोकल्याचा आवाज आला. सगळं पुन्हा जिथल्या तिथे आलं होतं. हरिदासराव कपातला शेवटचा घोट घेत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की धैर्यशील मोरीतून केव्हाच आला आहे आणि भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात ठेवून काहीतरी पुटपुटतो आहे.

"सत्तानवे, अठ्ठानवे..."

काय चाललंय, असं आईने विचारलं.

"राज्य माझ्यावर आहे," तो तसाच उभा राहून म्हणाला. "त्या काकांनी झाकण उघडलं ना, तेव्हा बोलले. तू सापडलास, आता मी लपतो. मला खूप दिवस कोणी शोधलंच नाही, बोलले." त्याने शंभर म्हटलं आणि तो वळला. "पण ते असे नाही निकलणार. आई, त्यांचं पूर्ण नाव काय आहे?"

हरिदासरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. भिंतीला टेकवून ठेवलेलं दिवाणाचं झाकण खाली आलं होतं. ते पडल्याचा आवाज कुणालाच आला नव्हता, आणि बाहेरची कडी लागलेली होती.

गिरिजेने मुलाला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि नाव सांगायला तोंड उघडलं.