सात नंबरचा दिवा

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि यातलं निम्मं माझ्याच हातांनी झालंय.

रात्र नव्हती. रविवारची दुपार, सव्वातीन. प्लांट देखभालीसाठी बंद. एवढ्या लांबलचक शेडमध्ये दोनच माणसं. पॅनेलवर मी, आणि मशीनवर माझ्या ताईचा नवरा. भाऊजी फिटर आहेत.

आमच्या मशीनवर दोन टनांचा गाडा रुळांवर सरकतो. चालू केलं की तो आधी 'होम'ला जातो, म्हणजे मागच्या टोकाच्या सेन्सरपर्यंत. तिथे पोचल्यावरच त्याला कळतं आपण कुठे आहोत. म्हणून आत शिरणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, असा नियम आहे. कुलूप असेपर्यंत वीज देता येत नाही.

भाऊजींनी आपलं कुलूप काढलं.

"झालं रे! चालू कर. मी हात धुऊन येतो."

मी स्टार्ट दाबलं.

टक्...

रिले पडला, म्हणजे वीज तुटली. गाडा जागचा हलला नाही.

मशीनचा मेंदू म्हणजे पीएलसी. त्याच्यावर इनपुटच्या दिव्यांची रांग असते. त्यातला सात नंबर विझला होता. सात म्हणजे मागचं इमर्जन्सी बटण. ते दाबलं की दिवा विझतो आणि मशीन थांबतं.



पण सात नंबर विझूच शकत नव्हता.

आता सांगूनच टाकतो. गेल्या वर्षी ते बटण उगाचच मशीन थांबवायचं. प्रॉडक्शनवाले डोकं खायचे. मी पॅनेलमध्ये एक वायर टाकली, जंपर. मग बटण दाबा नाहीतर नाचा, दिवा जळतच राहणार. म्हटलं, उद्या नीट करू. तो उद्या काही उजाडला नाही.

दहा दिवसांनी काका गाड्याखाली सापडले.

काका म्हणजे आमचे जुने फिटर. मला टेस्टर धरायला त्यांनीच शिकवलं. ओरडा ऐकून मी पहिला पोचलो. मागचं बटण आत दाबलेलं होतं. काकांचा हात अजून त्यावरच...

मी तो हात बाजूला केला. बटण फिरवून बाहेर काढलं.

चौकशीत ठरलं, काकांनी बटण दाबलंच नाही. जंपर कोणाच्या नजरेत आला नाही. त्यानंतर त्या वायरला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

त्या रविवारी वाटलं, तीच सैल झाली असेल. पॅनेल उघडलं. वायर घट्ट होती.

मागे गेलो.

बटण... आत दाबलेलं.

इकडेतिकडे न बघता मी ते फिरवून काढलं आणि पुढे पळत आलो. सात नंबर जळत होता. पुन्हा स्टार्ट दाबलं.

टक्...

सात विझला.

शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. पंखे बंद. आणि तेव्हा लक्षात आलं, नळाचा आवाजही येत नव्हता.

"भाऊजी?"



मी पुन्हा मागे गेलो. बटण दाबलेलं होतं. त्यावर ओलं ग्रीस होतं. माझा हात सवयीने पुढे गेला...

या वेळी मी खाली वाकलो.

रुळांच्या मधोमध भाऊजी पालथे पडले होते. कानात प्लग. गाडा त्यांच्या डोक्यापासून हातभर लांब.

मी पाय धरून ओढलं तसे दचकून बाहेर आले. "अरे, तेरा नंबरचा पाना राहिला होता आत. म्हटलं, दोन मिनिटांसाठी कुठे परत कुलूप लावा." मग त्यांची नजर बटणाकडे गेली. "दाबून ठेवलं होतंस होय? शहाणा आहेस."

मी हो म्हणालो.

त्याच संध्याकाळी जंपर काढला. ताईला कळल्यावर माझे हात हातात घेऊन ती रडली. मला ते हात सोडवून घ्यावेसे वाटत होते.

काकू भेटल्या की अजून म्हणतात, "त्यांना बटण दाबायचं सुचलं नाही रे. वय झालं होतं." मी मान हलवतो.

आता रोज सकाळी शेड उघडली की ते बटण आत दाबलेलं असतं. वर ओलं ग्रीस असतं.

आणि रोज मीच ते फिरवून बाहेर काढतो.