पाचच आवाज होते

ही गोष्ट खरी आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. या वयात खोटं बोलून मला काय मिळवायचंय?

भुताची गोष्ट म्हटली की माणसं आधी रात्र शोधतात. इथे रात्र नाही. मंगळवार होता, दुपारचे सव्वाचार वाजले होते. रस्त्याकडच्या खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. खोलीत दोन बायका होत्या, भरतकामाचं एक मशीन होतं आणि एक कॉम्प्युटर.

त्या दोघींतली एक माझी थोरली बहीण. सगळे तिला ताईच म्हणतात. तिने जे सांगितलं तेच सांगते. पदरचं काही घालत नाही.

ताई लग्न होऊन सासरी गेली तेव्हा तिचा दीर नऊ वर्षांचा होता. त्याला आई नव्हती. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पाढे पाठ करून घेतले, तापात उशाशी बसली. पोटच्या पोरासारखा वाढवला. आणि डोक्यावर चढवून ठेवला तोही तिनेच. हे ती आता कबूल करते.

मोठेपणी घरात त्याचं नाव ‘साहेब’ पडलं, ते उगाच नाही.

तळमजल्याच्या खोलीत त्याने धंदा काढला. डॉक्टरांचे कोट, कारखान्यातले गणवेश... त्यांच्या खिशावर नावं भरून द्यायची. कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, कोट रिंगमध्ये ताणून बसवायचा, बटण दाबलं की सुई सुरू. खट्‌खट्‌खट्‌खट्‌...

त्याच्या बायकोने, म्हणजे धाकटीने, दोरे कापायचे आणि इस्त्री करायची. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तिने कधी ताईकडे गाऱ्हाणं नेलं, तर तो दारातून हाक मारायचा, “वहिनी, तू तरी सांग तिला!”

आणि ताई सांगायची.

“सोड गं. स्वभावच तसा आहे त्याचा. मनाने वाईट नाही.”

किती वेळा सांगितलं असेल, याचा हिशोब नाही.

कॉम्प्युटर नवीन घेतला तेव्हा त्याला एक लहर आली. यंत्राची ती टुंगटुंग त्याला आवडेना. त्याऐवजी स्वतःचा आवाज घालायचा! ताईला माइक धरून बसवलं. बोलण्याआधी नाकाने जोरात श्वास ओढायची त्याला लहानपणापासून सवय. तो श्वास आत येऊ नये म्हणून प्रत्येक वाक्य तीन-तीनदा घेतलं, आणि तेवढा श्वास कापून टाकला.

कॉम्प्युटर चालू केला की... “आलो.”

बंद केला की... “निघालो.”

काही चुकलं की... “हात लावू नको!”

यंत्राला काही विचारायचं असलं की... “मला न विचारता?”

काम संपलं की... “झालं एकदाचं.”

पाच. माइक ताईच्या हातात होता. पाचच.

गिऱ्हाइकं हसायची. धाकटीही सुरुवातीला हसली.

चार वर्षांपूर्वी तो गेला. त्याच खुर्चीत, रिंगमध्ये कोट तसाच ताणलेला. सगळे त्याला पोचवून घरी आले, तेव्हा ताईच्या यजमानांच्या लक्षात आलं की खालचा कॉम्प्युटर चालूच राहिलाय. ते खाली गेले. बटण दाबलं.

“निघालो.”

आवाज जिन्यापर्यंत आला. घर जागच्या जागी थिजलं. ताई पायरीवर बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

“सांगून गेला हो,” ती म्हणाली. “न सांगता नाही गेला.”

पंधरा दिवसांनी धाकटी त्या खुर्चीत बसली. पोट कुणाला चुकलंय? बटण दाबलं.

“आलो.”

तेव्हापासून रोज. गल्लीत लोक म्हणायचे, बाई नवऱ्याचा आवाज जपतेय. ताईलाही तसंच वाटायचं. संध्याकाळी सहाला ती हटकून खाली जायची, “निघालो” ऐकायला. तेवढाच दिलासा.

धाकटी मात्र तो आवाज जपत नव्हती. ती त्यात अडकली होती. आवाज बंद करायची सोय त्याच्या पासवर्डच्या मागे, आणि पासवर्ड तो बरोबर घेऊन गेलेला. स्पीकरची वायर काढून ठेवावी, तर सहाला ताई “निघालो” ऐकायला दारात हजर. जरा दोरा अडकला की... “हात लावू नको!” दिवसातून वीस वेळा. मेलेल्या माणसाचा ओरडा खात ती तीन वर्षं काम करत होती.

मग इस्पितळाचं काम आलं. दोनशे चाळीस कोट, दहा दिवसांत. वेळेवर दिले तर वर्षभराचं काम तिचंच. तिने स्वतः जाऊन मिळवलेलं, स्वतःच्या नावावरचं आयुष्यातलं पहिलं काम. नावांची यादी नेटवरून येणार होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई आली. कानामागे स्क्रू-ड्रायव्हर, तोंडाची टकळी अखंड.

“काकू, ही सिस्टिम बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडलीय. नेटला जोडलीत की दोन दिवसांत बोऱ्या वाजेल. नवी डिस्क, नवी सिस्टिम. सगळं धुऊन टाकू.”

“चालतंय ना ते?” ताई दारातूनच म्हणाली. “मग कशाला उगाच? नवं म्हणजे चांगलंच असतं, हे कुणी सांगितलं?”

“तुम्हाला चालतंय, ताई,” धाकटी म्हणाली. “तिथे बसते मी.”

“एवढी वर्षं जपलं गं त्याने...”

“जपलं ना. माझ्यापासून.”



“जुनी डिझाइन्स डिस्कवरून काढून घेते मी,” दुरुस्तीवाली म्हणाली. “आणि ते आवाज? पाच फाइली असतील. ठेवू का? गेल्या की गेल्या, बरं का.”

“नको.”

“बरं. आधी नीट बंद करा, मग उघडते.”

धाकटीने हात पुढे केला... आणि थांबली. बटण दाबलं की तो आवाज येणार. आणखी एकदा.

“नीट बंद कर गं,” ताई काकुळतीला आली. “शेवटचं म्हणू दे त्याला.”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग वाकली आणि भिंतीतला प्लगच उपटला.

पडदा काळा झाला.

आवाज आला नाही.

जुनी डिस्क दुरुस्तीवाली कचऱ्यात टाकणार होती. धाकटी चहा करायला वळली तेवढ्यात ताईने ती हळूच मागून घेतली. तळहाताएवढी लोखंडी डबी. तिने ती पिशवीत टाकली आणि कुणाला काही बोलली नाही.

नवी सिस्टिम सुरू झाली. बारीकशी, अनोळखी धून वाजली. बस्स. धाकटीने खुर्ची खाली केली. दीर उंच होता, त्याच्या मापाच्या खुर्चीत तिचे पाय लोंबकळायचे. आता टेकले. काम करताना ती चक्क गुणगुणायला लागली. दोरा अडकला की पडद्यावर एक चौकोन यायचा, मुकाट्याने. दिवसाला तीस-तीस कोट उतरू लागले.

सहा दिवस असे गेले.

सातव्या दिवशी तिने कॉम्प्युटर चालू केला... आणि धून वाजली नाही.

बिघडलं असेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. स्पीकरमधून अगदी हलका आवाज आला. कुणीतरी नाकाने श्वास ओढावा तसा...

पुढे काही नाही.

दुपारी जेवून परत आली, तर मशीन थांबलेलं. बसायला गेली, तर पाय जमिनीला लागेनात.

खुर्ची वर केलेली होती.

“ताई, तुम्ही खाली गेला होतात?”

“नाही गं. का?”

“काही नाही.”

पण तिच्या डोळ्यांत संशय होता. ताईच्या काळजाला तो लागला. नव्या सिस्टिमला विरोध केला तो तिनेच, तेव्हा वहीम तिच्यावरच येणार. म्हणून मंगळवारी ती आपण होऊन कोटांचे दोरे कापायला खाली जाऊन बसली. बरोबर नेहमीची पिशवी. धाकटी “या” म्हणाली नाही, “जा”ही म्हणाली नाही. ताईशी ती कामापुरतंच बोलत होती.

अकरा कोट राहिले होते. बाहेर ऊन. रस्त्यावर कुणीतरी सायकल धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

सव्वाचार.

धाकटीने पुढचं नाव टाइप केलं. पडद्यावर चौकोन आला. रिकामा. एक अक्षर नाही त्यात.

मग...

“हात लावू नको!”

ताईच्या हातातली कात्री खाली पडली.

धाकटी गर्रकन वळली. चेहरा पांढराफटक, पण डोळे जळत होते. “तुम्हीच! तुम्हीच परत घातलेत ना आवाज? माझं चांगलं चाललेलं बघवलं नाही तुम्हाला!”

“मी नाही गं...”

“मग कोण? त्या बाईकडून डिस्क तुम्हीच मागून घेतलीत. सांगितलंय तिने मला!”

ताईने पिशवीत हात घातला. लोखंडी डबी काढून तिच्यापुढे धरली. “ही बघ. माझ्याकडेच आहे. पिशवीच्या बाहेर काढली नाही मी ही. तो... तो इथे आहे.”

दोघी डबीकडे बघत राहिल्या.

मग सावकाश, दोघींनी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

धाकटीने स्पीकरची वायर धरली आणि हिसडून काढली. वायर तिच्या मुठीत लोंबत होती.

“मला न विचारता?”

आवाज नेहमीचाच होता. तितकाच मोठा.

ताई म्हणते, इथवर ती धीर धरून होती. आवाज ओळखीचे होते, तिच्यासमोर भरलेले. यंत्रात कुठेतरी राहिले असतील, असं ती मनाला समजावत होती.

पण मग श्वास ऐकू आला. नाकाने ओढलेला, लांब. माइक धरून तीन-तीनदा घेऊन कापून टाकलेला, तो श्वास...

“वहिनी, तू तरी सांग तिला.”

रस्त्यावरचा पाण्याचा आवाज थांबला होता.

हे वाक्य कधी भरलं नव्हतं. कधीच नाही. पाचच आवाज होते.

 धाकटी फक्त ताईकडे बघत होती. एकतीस वर्षं ज्या नजरेने बघायची, त्याच नजरेने. आता ही काय सांगणार, ते ठाऊक असलेल्या.

ताईच्या डोळ्यांपुढे तो नऊ वर्षांचा मुलगा आला, गुडघा फुटलेला. तिने डोळे मिटले.

“नाही सांगणार,” ती म्हणाली. “तिचं काम आहे. ती करेल. तू जा आता.”

काहीच घडलं नाही. एक मिनिट. दोन मिनिटं.

धाकटीने सुस्कारा टाकला. वायर ठेवली. रिंगमधल्या कोटाला सुरकुती पडली होती. सवयीने तिने ती बोटाने सारखी करायला हात सुईखाली नेला.

बटण कुणीच दाबलं नव्हतं.

खट्‌खट्‌खट्‌खट्‌...

सुई नखातून आरपार गेली. एकदा नाही. ताईने धावत जाऊन प्लग उपटला तोवर पांढऱ्या कोटाचा खिसा लाल झाला होता.

आणि प्लग ताईच्या हातात असताना, काळ्या पडद्यातून, शांतपणे...

“झालं एकदाचं.”

त्या संध्याकाळी धाकटीने, बोटाला पट्टी बांधलेली असताना, अंगणातल्या दगडावर ती लोखंडी डबी ठेवली आणि हातोडीने तिचा भुगा केला. ताईने अडवलं नाही. उलट डबी धरून ठेवली.

राहिलेली नावं धाकटीने हाताने भरली, सुईदोऱ्याने. ताईने चिमटीत कापड ताणून धरलं. दोनशे चाळीस कोट वेळेवर गेले. वर्षाचं काम मिळालं.

दुरुस्तीवालीने नंतर सगळं तपासलं. आवाजाची एकही फाइल सापडली नाही. “काकू, सिस्टिम एकदम स्वच्छ आहे,” म्हणाली. “पण जुनी बंद कशी केली होतीत? नीट, की तशीच?”



तेव्हा कुठे ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. दुरुस्तीवाली आली त्या सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तेव्हा तो “आलो” म्हणाला होता. “निघालो” मात्र त्याला म्हणूच दिलं नाही. आणि जिच्यात ते वाक्य होतं, त्या डबीचा भुगा दोघींनी मिळून केला.

मी म्हटलं, मोडीत काढा तो कॉम्प्युटर. धाकटी ऐकत नाही. “डिस्क फोडून तो गेला का? मग डबा फोडून काय होणार? बसू दे त्याला. बघू दे. काम मी करणार.” खुर्ची रोज सकाळी वर झालेली असते. ती रोज खाली करते. नख परत आलं नाही.

मागच्या आठवड्यात माझा नातू विचारत होता, आजी, तुझ्या कॉम्प्युटरला नवी सिस्टिम घालून देऊ का, फायदा आहे का बघ. मी त्याला म्हटलं, फायद्याचं तुला कळतं. पण जुनी बंद करताना मला शेजारी बसव, आणि नीट बंद कर.

तो हसला.

ताई अजूनही रोज सहाला खाली जाते. आता दिलाशासाठी नाही. धाकटी बटण दाबते, पडदा काळा होतो, आणि दोघी जणी हात मांडीवर ठेवून, न बोलता, ऐकत बसतात.

एक वर्ष होऊन गेलं.

“निघालो” अजून आलेलं नाही.