चोरटा श्वास

ताईच्या यंत्राचा श्वास दर पाच सेकंदांनी यायचा. मी घड्याळ लावून मोजला होता: मिनिटाला बारा, एकही कमी-जास्त नाही. नळीत साचलेला पाण्याचा थेंब प्रत्येक श्वासाला बोटभर पुढे सरकायचा आणि परत मागे यायचा.

सात आठवडे झाले होते. ती आता उठणार नाही, हे डॉक्टरबाईंनी दोनदा समजावलं होतं. यंत्र काढायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवायचं. भाऊजी म्हणाले, "माझ्याच्यानं नाही व्हायचं. तू सांगशील तसं." मी म्हणाले, "माझा कार्यक्रम होऊ दे." कार्यक्रमाचा आणि यंत्राचा काही संबंध नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी वृंदगानाच्या रचना करते. नवी रचना ताईसाठीच लिहिली होती. वीस वर्षं ती माझ्या वृंदात, खालच्या पट्टीतल्या बायकांच्या रांगेत गायली. या रचनेत शेवटी चाळीस जणांनी एक स्वर तीन मिनिटं धरायचा. असा स्वर तुटू नये म्हणून प्रत्येकानं चोरून श्वास घ्यायचा. शेजारी घेईल तेव्हा आपण नाही. नव्या माणसाला हे ताईच शिकवायची.

पहिल्या तालमीचं ध्वनिमुद्रण घरी ऐकलं, तेव्हा तो स्वर मधेमधे खचल्यासारखा वाटला. संगणकावर आलेख काढला. दर पाच सेकंदांनी एक खाच. चाळीसही जण एकदम श्वास घेत होते.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर खर्जात गाणारे पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, एवढी शिस्त असती तर आम्ही गायला कशाला आलो असतो? कवायतीला नसतो गेलो?" सगळे हसले. कुणाला काहीच जाणवलं नव्हतं.

यंत्राचे ते बारा श्वास माझ्या डोक्यात बसलेत, तीच लय खुणा करणाऱ्या माझ्या हातांतून त्यांना लागत असणार, असं मी धरून चालले. म्हणून पुढच्या तालमीत त्या स्वराला हात खालीच ठेवले. आलेखात खाचा मिनिटाला चौदा आल्या. मला हायसं वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यात ताईकडे गेले. परिचारिका तक्ता भरत होती. "दुपारी वाढवलाय हो श्वास," ती मान वर न करता म्हणाली. "चौदावर ठेवलाय."

मी हे कुणाला सांगितलं नाही.

शेवटची तालीम भर दुपारी होती. भाऊजी येऊन श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत बसले, आपला डबा मांडीवर धरून. तिथून ते थेट ताईकडे जाणार होते. शेवटचा स्वर लागला. तीन मिनिटं झाली. थांबायची खूण म्हणून मी मूठ मिटली.

स्वर थांबला नाही.

पुन्हा खूण केली. मग एकेकाच्या ओठांकडे पाहत गेले.

चाळीसही तोंडं मिटलेली होती.

एकच आवाज उरला होता, खालच्या पट्टीतला. सव्वाचार सेकंद, श्वास. सव्वाचार सेकंद, श्वास. मिनिटाला चौदा. दर वेळी तो किंचित खाली घसरत होता आणि ओढून परत वर येत होता.

पोस्टमास्तरांनी हळूच चष्मा काढला.

भाऊजी उठून उभे राहिले होते. "दमलीय गं ती," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"उद्या सकाळी यंत्र काढू या, भाऊजी. डॉक्टरबाईंना मी सांगते."