मिनिटाला किती बुडबुडे

दारावर टकटक झाली तेव्हा बोहदानाच्या एका हातात लाकडी डाव होता आणि दुसऱ्या हातात घड्याळ. कोपरानेच तिने दार उघडले. बाहेर ओल्या कोटातला एक उंच, सडपातळ, अनोळखी माणूस उभा होता.

"माफ करा बाई... तुमच्या पातेल्याचं झाकण."

"काय केलं झाकणाने?"

"खडखडतंय. मी खालच्या मजल्यावर हेर्मिनाबाईंचा पियानो सुरात लावतोय आणि हे नेमकं माझ्याच सुराशेजारी खडखडतंय. किंचित उतरलेलं. दहा मिनिटं गॅस बंद करता येईल?"

"बंद? नव्वदपैकी चाळीसच मिनिटं झालीत. बिअरसाठी हॉप्सची कडू फुलं आत पडलीत. आता कुणीही आलं तरी गॅस बंद होणार नाही."

"मग झाकण तरी काढा."

"वाफेने भिंती गळतील."

"खिडकी उघडा."

"पाऊस आत येतोय."

त्याने क्षणभर गंभीरपणे विचार केला. "मग असं करू. झाकण मी धरतो, तुम्ही खाली जाऊन पियानो लावा."

बोहदाना हसली. खिडकी उघडली गेली, मार्चमधला बारीक पाऊस आत आला आणि त्याच्याबरोबर तो माणूसही. त्याचे नाव ऑत्मार. उरलेली पन्नास मिनिटे तो तिच्या स्वयंपाकघरात झाकण धरून उभा राहिला. पियानो त्या दिवशी अर्धवटच राहिला.

पातेल्यात शिजत होती ती साधी बिअर नव्हती. झातेत्स या चेक गावातल्या बोहदानाच्या मित्रमंडळाचा एक नियम होता. जो गाव सोडून जाईल, त्याने मागे राहणाऱ्यांसाठी घरी एक खास बिअर करायची. तिची पहिली बाटली सगळ्यांदेखत उघडल्याशिवाय निघायचे नाही आणि त्यातली एकही बाटली बरोबर न्यायची नाही. पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून बोहदाना दोन वर्षांच्या नव्या नोकरीसाठी नॉर्वेतल्या बर्गेनला निघाली होती. तिथल्या लोकांनी एवढेच कळवले होते की वसंत संपण्यापूर्वी केव्हाही या. म्हणून तिने सोळा अंश गोडीची, जड, मुरायला वेळ घेणारी बिअर निवडली होती.

"पण आंबवणार कुठे?" ऑत्मारने विचारले. "या घरात तर लोणी वितळेल."

"तोच प्रश्न आहे. नऊ अंशांची थंडी हवी."

"माझ्या आजोबांचं तळघर आहे नदीकाठच्या टेकडीत. बटाटे आहेत तिथे, आणि मी. दोघेही थंडच असतो."

निवलेला रस भरलेला काचेचा मोठा बुधला दुसऱ्या दिवशी तळघरात गेला. त्याच्या तोंडावर पाणी भरलेली वाकडी नळी बसवली होती. आत आंबवण चालू असेपर्यंत त्या नळीतून वायूचे बुडबुडे येत राहायचे. भिंतीवरच्या खिळ्याला बोहदानाने नोंदवही टांगली. दर शनिवारी सकाळी दोघांनी तिथे जायचे, तिने थोडा रस काढून त्यात काचेचा गोडीमापक सोडायचा, आकडा वाचून वहीत लिहायचा. गोडी सोळावरून पाचावर आली, की काम संपले.

पहिल्या शनिवारी आकडा अकरा निघाला. ऑत्मार मात्र आकड्याकडे बघतही नव्हता. तो बुधल्याशी कान लावून बसला होता.

"काय ऐकताय?"

"मिनिटाला अडतीस. तालात चुकत नाहीत हो हे. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे."

दुसऱ्या शनिवारी आठ. परतताना पायऱ्यांवर तिचा पाय घसरला. त्याने कोपर धरले, आणि पायऱ्या संपल्यावर सोडायचे विसरला. ती म्हणाली, "आता 'अहो-जाहो' पुरे झालं. 'तू' म्हण."

"मी वाटच बघत होतो."

"मग तूच का नाही म्हणालास?"

"ते आधी बाईने म्हणायचं असतं," तो म्हणाला. "आजीने शिकवलंय. पुरुषाने फक्त ऐकायला तयार राहायचं."

तिसऱ्या शनिवारी सात. त्या दिवशी दोघे तळघराच्या दारात बसून राई-ब्रेड आणि मुळा खात होते. तिने मुळ्याची पाने त्याच्या कोटाच्या खिशात खोचली. पुढच्या शनिवारी ती सुकलेली पाने अजून तिथेच होती. ती तिने पाहिली आणि पाहिली नाही असे दाखवले.

चौथ्या शनिवारी गोडीमापक पाचावर स्थिर झाला.

बोहदानाने तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा पुसून पुन्हा बुडवला. बारा वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या या बाईने आयुष्यात एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. पाच लिहिले म्हणजे आज बाटल्या, पंधरा दिवसांनी निरोप. शनिवार संपले.

"काय निघालं?" त्याने विचारले.

"साडेसहा," ती म्हणाली आणि तसे लिहिले.

ऑत्मारने बुधल्याला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला. मग सरळ होत म्हणाला, "हं... सावकाश चाललंय."

"जड बिअर आहे ना."

"घाई कुणाला आहे?"

पाचव्या शनिवारी तिने सहा लिहिले. सहाव्या शनिवारी साडेपाच. दर वेळी ती आकडा सांगायची आणि एक क्षण थांबायची. त्याने एकदा, नुसते एकदा 'नको जाऊस' म्हटले असते, तर बर्गेनचे पत्र तिने तिथल्या तिथे फाडले असते. पण तो मान हलवायचा आणि दिवा उचलून तिला पायऱ्या दाखवायचा. याला काहीच वाटत नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले. नाहीतर एवढा गप्प कोण राहील?

मग बर्गेनहून दुसरे पत्र आले. मेअखेर हजर झाला नाहीत, तर जागा दुसऱ्याला. सातव्या शनिवारी तिने ते पत्र त्याच्या हातात दिले.

त्याने ते दोनदा वाचले, नीट घडी घातली. "चांगली नोकरी आहे."

"आहे."

"मग... आज किती निघालं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तोही बघत राहिला. 'राहते' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता.

"पाच," ती म्हणाली.

त्या दिवशी दोघांनी बाटल्या भरल्या. ती भरायची, तो बुचे दाबायचा. कामापुरतेच बोलणे झाले.

निरोपाच्या दिवशी मंडळ जमले. तिची शाळेपासूनची मैत्रीण द्राहोमिरा हिने पहिली बाटली उघडली, पेला उजेडात धरला. "अगं, ही तर काचेसारखी निवळलीय! मागे एकदा सहज केली होतीस, ती गढूळ होती की नाही? घाई केली नाहीस या वेळी."

"नाही केली," बोहदाना म्हणाली.

"आणि हे तळघरवाले साहेब तर पीतच नाहीयेत. काय हो, आवडली नाही?"

"आवडली," ऑत्मार पेल्याकडे बघत म्हणाला. "म्हणूनच पुरवून पितोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रागच्या बसपाशी तो आला. हातात तपकिरी कागदात बांधलेले काहीतरी होते. "तुझी वही. खिळ्यालाच राहिली होती."

"अजून काही?" तिने विचारले. आवाज शक्य तितका हलका ठेवला होता.

"तू सांग," तो म्हणाला.

चालकाने भोंगा वाजवला. ती चढली.

गाव मागे पडले. दोन्ही बाजूंना हॉप्सचे उंच खांब आणि त्यांच्या तारांवर चढू लागलेले कोवळे वेल. तिने कागद सोडला. स्वतःच्या नीटस शाईतले आकडे ओळीने उभे होते. अकरा, आठ, सात, साडेसहा, सहा, साडेपाच, पाच. आणि प्रत्येकासमोर, समासात, पेन्सिलीने मागाहून लिहिलेले त्याचे अक्षर.

*मिनिटाला अडतीस बुडबुडे. एकोणीस. चार.*

*चौथा शनिवार: शून्य.*

*पाचवा: शून्य. सहावा: शून्य. सातवा: शून्य.*

खाली एकच ओळ होती. *तू आंबतंय म्हणत होतीस, तोवर मलाही बुडबुडे ऐकू येत होते.*

आयुष्यभर कानांवर जगलेल्या माणसासमोर तिने तीन शनिवार खोटे वाचले होते. त्याने ते सगळे ऐकले होते, आणि एका शब्दाची वाट बघत राहिला होता, जो आधी तिने म्हणायचा होता.

ती धडपडत उठली, चालकापर्यंत गेली. "जरा थांबवाल का?"

"बरं वाटत नाहीये का, बाई? पिशवी देऊ?"

"नाही. मला... परत जायचंय."

"इथे शेतात कुठे उतरणार? आता थेट प्राग. बसा, पडाल."

ती काही वेळ दांडा धरून उभी राहिली. प्रागला उतरले की विमानतळ होता, सही केलेला दोन वर्षांचा करार होता, आणि सही केलेली गोष्ट न मोडण्याचा स्वतःचा स्वभाव तिला ठाऊक होता. मग ती जागेवर येऊन बसली. वही मिटून कानाशी धरली आणि तळघरातली ती शांतता ऐकण्याचा प्रयत्न करू लागली. पण बसच्या इंजिनाचा आवाज फार होता.